नॉर्मनची सॉफ्टबॉल वारी: आधी पार्क, मग स्टेडियम

डॅलसहून आय-३५ हायवे पकडून उत्तरेला निघालं की तीनेक तासात ओक्लाहोमातलं नॉर्मन येतं. आम्ही शनिवारी सकाळी सातलाच निघालो, कारण लेकीने आठवडाभर डोकं खाल्लं होतं की ओक्लाहोमा विद्यापीठाच्या महिला सॉफ्टबॉल टीमची मॅचआधीची बॅटिंग प्रॅक्टिस बघायचीच. ती इथे फास्टपिच (वेगवान पिचिंगचं सॉफ्टबॉल) खेळते आणि मी जळगावला शाळेत सॉफ्टबॉल खेळलेलो, म्हणून रोज संध्याकाळी मलाच कॅचर करते, ग्लोव्ह असून तळहात लाल होतो.

पोचल्यावर थेट टीमच्या लव्हज फील्ड स्टेडियमला जाऊ नका, आधी जवळच्या रीव्हज पार्कात चक्कर मारा. बघण्यासारखं म्हणाल तर काही नाही, गावातलं साधं पार्क. पण पॅटी गॅसो कॅलिफोर्नियातलं लाँग बीच सिटी कॉलेज सोडून १९९५ च्या सीझनला ओक्लाहोमा विद्यापीठाच्या कोच झाल्या तेव्हा टीमला स्वतःचं मैदानच नव्हतं, होम मॅचेस या सार्वजनिक पार्कात व्हायच्या! हक्काचं मरीटा हाइन्स फील्ड मिळालं १९९८ ला, आणि दोनच वर्षांनी, २००० ला, फायनलमध्ये यूसीएलएला (लॉस एंजेलिसचं कॅलिफोर्निया विद्यापीठ) ३-१ ने हरवून पहिलं नॅशनल टायटल. यूसीएलए म्हणजे या खेळातली मुंबईची रणजी टीम समजा.

पुढचं टायटल यायला मात्र १३ वर्षं लागली हे कोणी सांगत नाही. २०१३ नंतर २०१६, २०१७, आणि मग २०२१ ते २०२४ ओळीने चार, जे आधी कोणालाच जमलं नव्हतं. २०२३ ला तर ६१ मॅचेस जिंकल्या, हरली एकच. याच टीमच्या जोसलिन अलोचे करिअरमध्ये १२२ होमरन, कॉलेजचा रेकॉर्ड. माझ्या मते चार टायटल्सपेक्षा ती मधली १३ वर्षं कोच न बदलणं जास्त भारी आहे, आपल्याकडे दोन सीझनमध्ये घरी बसवलं असतं.

लव्हज फील्ड मार्च २०२४ ला उघडलं, चारेक हजार सीट्स. लव्हज म्हणजे तेच हायवेवरचे पेट्रोल पंपवाले, येताना आम्ही त्यांच्याकडेच थांबलेलो.

आता कामाचं. बॅग पारदर्शकच न्या, बायकोची पर्स गेटवरून गाडीत ठेवायला मला परत पळावं लागलं आणि पहिली इनिंग गेली (चूक आमचीच, वाचलं नव्हतं). पाच इनिंगनंतर आठ रनांची लीड असली की मॅच तिथेच संपते, आमची अशीच दीड तासात आटोपली, त्यामुळे एवढं ड्राइव्ह करून जाताय तर वीकेंडच्या सिरीजमधल्या दोन मॅचेस तरी धरा. वारा असा की टोपी उडते, दोरीवाली घ्या. एप्रिल-मे वादळांचे महिने, हॉटेल कॅन्सल करता येईल असंच बुक करा आणि फोनवर वेदर अलर्ट चालू ठेवा.

वर्ल्ड सिरीज, म्हणजे कॉलेजचं नॅशनल टायटल जिथे ठरतं ती स्पर्धा, बघायची तर ती नॉर्मनला नाही, अर्ध्या तासावर ओक्लाहोमा सिटीत डेव्हन पार्कला, मे अखेर ते जूनची सुरुवात, १३ हजारांचं स्टेडियम. शेजारीच सॉफ्टबॉलचं हॉल ऑफ फेम आहे. पोरं सोबत असतील तर प्राणीसंग्रहालयही तिथेच जवळ, आम्ही रविवारी तेच केलं, लेक मात्र तिथेही ग्लोव्ह घालूनच फिरली.