चिंचेखालचा तास

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला आणि मला आधी बाईच आठवल्या. आमच्या जीवशास्त्राच्या बाई. बाकीच्यांबद्दल इतर लिहितीलच.

नववीत चेतापेशी शिकवताना बाईंनी अख्खा वर्ग चिंचेखाली नेला आणि तीन रांगा केल्या. नियम एवढाच : मागून दोन हात खांद्यावर पडले, तरच आपला हात पुढच्याच्या खांद्यावर ठेवायचा. एकाच हाताने हलायचं नाही. "अर्धवट काही नाही. पेशी पेटते, नाहीतर गप्प राहते." मला मात्र वेगळं काम मिळालं. "तू नकार देणारी पेशी." माझा हात ज्याच्या खांद्यावर, त्याने मागून चार हात पडले तरी हलायचं नाही. वर्गात मी सगळ्यांत अबोल. त्या दिवशी माझ्या एका हाताने पुढची साखळी थांबली. घंटा झाली, तरी कुणी जागचं हललं नाही.

अभियांत्रिकीला असताना मॅककलक आणि पिट्स यांचा १९४३ चा शोधनिबंध वाचला. चेतापेशीचं गणित : येणारे संदेश उंबरठ्याएवढे भरले तर १, नाहीतर ०, आणि नकाराचा एक संदेश आला, की बाकी सगळे रद्द. हे तर चिंचेखालचंच! त्या पेशींना शिकता मात्र येत नव्हतं. कुणाच्या हाताला किती वजन द्यायचं, हे अनुभवातून ठरवणारा पर्सेप्ट्रॉन रोझेनब्लॅटने १९५८ मध्ये मांडला.

आज मी हाताने लिहिलेली देवनागरी ओळखणारी, अशाच गणिती पेशींची नेटवर्क तयार करतो. ह्यूबेल आणि वीझल यांना मांजराच्या मेंदूत ठरावीक कलाच्या रेषेलाच प्रतिसाद देणाऱ्या पेशी सापडल्या. त्यावरून फुकुशिमांनी १९८० मध्ये निओकॉग्निट्रॉन हे आकार ओळखणारं, थराथरांचं नेटवर्क रचलं. आमच्या नेटवर्कचा पहिला थरही असाच रेषा टिपतो : आडवी शिरोरेघ, उभा काना. 'घ' आणि 'ध' यांत अजून घोळ होतो. बाईंच्या फळ्यावरच्या अक्षरात तो झाला नसता.

हे सगळं बाईंना सांगायचं राहिलं. सुट्टीत गावी येऊनही दरवेळी 'पुढच्या खेपेला' म्हणत गेलो, आणि बाई गेल्या.

चिंचही तोडली, असं कळलं. तिथे दुसरं झाड लावा, ही विनंती. नववीचा एक तास त्याच जागी घ्या, आणि नकार देणाऱ्या पेशीचं काम एखाद्या गप्प मुलाला द्या.