‘इतर’ म्हणजे कोण?

५ फेब्रुवारी २०२४. रविवार संपून सोमवार लागला होता आणि वेब डेस्कवर आम्ही दोघंच होतो, मी आणि महिनाभरापूर्वी रुजू झालेला एक मुलगा. अमेरिकेतल्या ६६व्या ग्रॅमी संगीत पुरस्कारांची रात्र.

ग्रॅमी म्हटलं की लोकांना टीव्हीवरचा झगमगता सोहळा आठवतो. तो आपल्याकडे सकाळी साडेसहाला सुरू होतो. पण त्या वर्षी पुरस्कारांचे ९४ विभाग होते आणि त्यातल्या बहुतेकांचे निकाल त्याआधीच, सोहळ्याच्या जागेशेजारच्या पीकॉक थिएटरमधल्या दुपारच्या कार्यक्रमात लागले. लॉस एंजेलिसला दुपारचे साडेबारा, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे दोन. जॅझ, ब्लूज, गॉस्पेल, कंट्री, रॅप, ऑपेरा, लहान मुलांचे अल्बम. अल्बमचं वेष्टन करणाऱ्याला आणि आतलं टिपण लिहिणाऱ्यालासुद्धा पुरस्कार असतो. भारतीय नावं असली तर ती या दुपारीच येतात, म्हणून आम्ही जागे.

या यादीचं मराठी करणं हे माझं दरवर्षीचं दुखणं. ‘रेकॉर्ड ऑफ द इयर’ आणि ‘साँग ऑफ द इयर’ या दोन्हींना आमच्याकडे वर्षानुवर्षं ‘सर्वोत्कृष्ट गाणं’ म्हणून मोकळे होतात. मग एकाच पुरस्काराचे दोन विजेते कसे, असं वाचक विचारतो आणि त्याचं बरोबर असतं. पहिला पुरस्कार ध्वनिमुद्रणाचा: गायक, निर्माता, ध्वनी अभियंते, सगळ्यांचा मिळून. दुसरा फक्त ज्यांनी गाणं रचलं त्यांचा. त्या वर्षी पहिला मायली सायरसच्या ‘फ्लॉवर्स’ला मिळाला. दुसरा बिली आयलिश आणि तिचा भाऊ फिनियस यांना, तो गाणं लिहिल्याबद्दल. मी ‘ध्वनिमुद्रण’ आणि ‘गीतरचना’ असे शब्द लावून धरलेत. दर फेब्रुवारीत कुणीतरी ते बदलतं, मी परत करते.

पहाटे आपली नावं यायला लागली. ‘ग्लोबल म्युझिक परफॉर्मन्स’साठी ‘अबंडन्स इन मिलेट्स’ला नामांकन होतं. त्यात पंतप्रधान मोदींचा आवाज आहे, त्यामुळे ती बातमी दोन दिवस आधीच लिहून ठेवलेली होती. पुरस्कार मिळाला ‘पश्तो’ला: बँजोवर बेला फ्लेक, डबल बासवर एडगर मायर, तबल्यावर झाकीर हुसेन, बासरीवर राकेश चौरसिया. त्याच चौघांच्या ‘अ‍ॅज वी स्पीक’ला समकालीन वाद्यसंगीताच्या अल्बमचा पुरस्कार. आणि ‘ग्लोबल म्युझिक अल्बम’ ‘शक्ती’च्या ‘धिस मोमेंट’ला. जॉन मॅकलॉफ्लिन आणि झाकीरभाईंनी सत्तरच्या दशकात उभा केलेला हा बँड पंचेचाळीसहून जास्त वर्षांनी स्टुडिओ अल्बम घेऊन आला होता. पहाटेच्या अंधारात मी आणि तो मुलगा अक्षरशः टाळ्या वाजवत होतो.

आता काम. मोबाइलवर जाणाऱ्या ताज्या बातमीच्या सूचनेला, म्हणजे फ्लॅशला, साठेक अक्षरं मिळतात. ‘शक्ती’त पाच जण: मॅकलॉफ्लिन, झाकीर हुसेन, शंकर महादेवन, व्हायोलिनवर गणेश राजगोपालन आणि खंजिरा वाजवणारे व्ही. सेल्वागणेश. मी लिहिलं, ‘शंकर महादेवन, झाकीर हुसेन यांच्या ‘शक्ती’ला ग्रॅमी’. सिनेमामुळे घराघरात पोचलेला चेहरा आधी, हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण डेस्कवर सगळे तो पाळतात. तिथवर एक वेळ ठीक. पण खाली बातमीत तर जागाच जागा होती आणि तिथेही मी ‘झाकीर हुसेन, शंकर महादेवन आणि इतर सहकारी’ एवढंच टाकून सोडून दिलं. पाचही नावं वृत्तसंस्थेकडून आलेल्या मजकुरात माझ्या डोळ्यांसमोर होती. मी ती हाताने काढली. का, तर वाक्य सुटसुटीत होत होतं.

मग मुख्य सोहळा लागला. टेलर स्विफ्टला वर्षातल्या सर्वोत्कृष्ट अल्बमचा चौथा पुरस्कार, असा विक्रम याआधी कुठल्याच गायकाचा नव्हता. दुपारीच रॅपचे तीन पुरस्कार घेतलेल्या रॅपर किलर माइकला तिथूनच पोलीस घेऊन गेले, ती बातमी सगळ्यांच्या पुढे धावत होती. साडेनऊला वरिष्ठ आले आणि म्हणाले, ‘झाकीरभाईंना तीन! सर्वाधिक ग्रॅमी असं कर.’ मी नाही म्हटलं. अमेरिकी गायिका फिबी ब्रिजर्सला चार होते: तीन तिच्या बँडबरोबर, एक गायिका सिझाबरोबर. ते थोडे खट्टू झाले, पण ऐकलं. चूक थांबवल्याचा मला त्या सकाळी फार आनंद झाला होता.

दहाच्या सुमाराला डेस्कचा फोन वाजला.

‘ताई, ग्रॅमीची बातमी तुमच्याकडूनच आली ना?’

‘हो काका, बोला.’

‘मी अमरावतीहून बोलतो. त्यात तुम्ही इतर सहकारी लिहिलं ना, ते इतर म्हणजे कोण जी?’

मी यंत्रासारखी नावं सांगायला लागले. त्यांनी मला मध्येच थांबवलं. ‘तो खंजिरीवाला कोण ते सांगा. मी व्हिडिओ पाहिला त्यांचा. एवढीशी खंजिरी, अन् वाजते मृदंगासारखी. आम्ही भजन मंडळात चाळीस वर्षं खंजिरी वाजवतो. महाराजांची खंजिरी लहानपणी ऐकली आहे मी. तुमच्या बातमीत वाद्याचंच नाव नाही, माणसाचंही नाही.’

अमरावतीच्या माणसाने महाराज म्हटलं की ते तुकडोजी महाराज, हे वेगळं सांगावं लागत नाही. मी सेल्वागणेश हे नाव सांगितलं. त्यांनी अक्षरं फोडून दोनदा म्हणायला लावलं, कारण ते कागदावर लिहून घेत होते. फोनमधून पेन टेकवल्याचा आवाज येत होता.

मग मी त्यांना, स्वतःला बरं वाटावं म्हणूनच बहुधा, खंजिरा आणि आपली खंजिरी यांतला फरक सांगायला लागले. आपल्या खंजिरीला चारी बाजूंनी झांजा. दाक्षिणात्य खंजिऱ्याला एकच जोडी. फणसाच्या लाकडाचं छोटं कडं, त्यावर परंपरेने घोरपडीचं कातडं. वाजवण्याआधी आतून पाण्याचा हात फिरवतात, म्हणजे सूर खाली उतरतो, आणि ज्या हाताने वाद्य धरलंय त्याच हाताची बोटं कातड्यावर दाबून तो वरखाली करतात. काका शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, ‘एवढं माहीत होतं तुम्हाले, तर मग लिहिलं का नाही जी?’

रागाने नाही बोलले. खरंच विचारत होते.

मी बातमी लगेच दुरुस्त केली. पाचही नावं, पाचांची वाद्यं. फ्लॅश मात्र परत घेता येत नाही. तो गेला तो गेला. दुसऱ्या दिवशीच्या अंकात ‘प्रमुख विजेते’ची चौकट होती, त्यात दहा विभाग बसले, चौऱ्याऐंशी गळले. आफ्रिकी संगीताचा विभाग त्या वर्षी पहिल्यांदाच सुरू झाला आणि दक्षिण आफ्रिकेची बावीस वर्षांची टायला त्याची पहिली विजेती ठरली. ती ओळ राहावी म्हणून मी भांडले आणि ती राहिली. सेल्वागणेश चौकटीत नव्हते. भांडायची वेळ आली तेव्हा मी एकच ओळ निवडली होती.

हे सगळं विसरूनही गेले असते. पण त्याच वर्षी डिसेंबरात झाकीरभाई गेले. रविवारी रात्री बातमी सगळीकडे फिरली, मग मागे घेतली गेली, आणि सोमवारी सकाळी कुटुंबाकडून दुजोरा आला. त्या रात्री डेस्कवर एकच प्रश्न परत परत येत होता: त्यांचे ग्रॅमी चार की पाच? कुणी चार लिहीत होतं, कुणी पाच. २०२४चे तीन आणि २००९चा ‘ग्लोबल ड्रम प्रोजेक्ट’चा एक, हे चार नावानिशी. पाचवा म्हणतात तो १९९२चा. वर्ल्ड म्युझिकचा विभाग त्या वर्षी नवा होता आणि पहिला पुरस्कार ‘प्लॅनेट ड्रम’ला मिळाला. विजेत्याच्या रकान्यात नाव एकट्या मिकी हार्टचं. वाजवणारे मात्र अनेक, त्यात झाकीर हुसेन.

ती वादकांची यादी मी पहाटे तीनला उघडली आणि थांबले. त्यात विक्कू विनायकराम होते, घटमवर. ‘शक्ती’च्या पहिल्या संचातले. सेल्वागणेश यांचे वडील.

मी ‘चार’ लिहिलं, आणि त्याखाली पाचव्याचा हिशेब सविस्तर दिला, विनायकराम यांच्या नावासकट. वरिष्ठ म्हणाले, श्रद्धांजलीच्या बातमीत इतकं कोण वाचतं. मी म्हटलं, अमरावतीत एक जण वाचतात.

अंकात जाहिरात वाढली आणि तो परिच्छेद निघाला. वेबवर तो अजून आहे. काकांचा नंबर मी त्या दिवशी लिहून घेतला नव्हता.