आमची वाटचाल : शब्द कुठं तोडायचा?

लातूरच्या ट्यूशन एरियात आमचं डीटीपीचं दुकान. क्लासवाल्यांच्या नोट्स, सराव पेपर टाइप करायचे आणि सीझन संपला की माश्या मारत बसायचं. २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं, तसे खेड्यापाड्यांतले गुरुजी इंग्रजी शब्दांची कार्डं मागत येऊ लागले. औशाकडच्या एका बाईंनी सांगितलं, "लांब शब्द दिसला की लेकरं घोकतात, नाहीतर सोडून देतात. तोडून द्या."

कुठं तोडायचा, हाच पुढं आमचा धंदा झाला. पहिला संच उच्चाराचा. एका तुकड्यात स्वर एकच ऐकू येतो, अक्षरं कितीही असोत. हनुवटीखाली हात धरून बोलायचं. जबडा जितक्यांदा खाली येईल तितके तुकडे. 'वॉन्टेड'ला दोनदा, 'जंप्ड'ला एकदाच, शेवटी दोन्हीकडं 'ईडी' असूनही. 'स्ट्रेंग्थ्स'च्या स्पेलिंगात ९ अक्षरं आणि तुकडा एक! आपण त्याचं 'इस्ट्रेंथ' केलं की एक वाढतो, आणि ते लेकरांना हातालाच कळतं.

मग मेडिकल प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेची पोरं आली. त्यांचं दुखणं वेगळं. बायोलॉजीचे शब्द म्हणता येतात, लक्षात राहत नाहीत. तिथं अर्थाचे तुकडे लागतात. 'हेपॅट' यकृत, 'आयटिस' दाह. 'एरिथ्रो' तांबडी, 'ल्यूको' पांढरी, 'साइट' पेशी. 'नेफ्र' म्हणजे मूत्रपिंड एवढं सांगितलं की नेफ्रायटिस पोरं स्वतःच फोडतात.

गोम अशी, की या दोन तोडी जुळत नाहीत. जीभ हे-पॅ-टाय-टिस म्हणते, अर्थ मात्र पहिल्या 'टी'नंतर तुटतो. हेलिकॉप्टर तर वस्तादच. आपल्याला वाटतं 'हेली' आणि 'कॉप्टर'. मुळात ग्रीक 'हेलिको', म्हणजे मळसूत्री, आणि 'प्टर', म्हणजे पंख.

म्हणून कार्डाच्या पुढं उच्चाराच्या निळ्या रेघा, मागं अर्थाच्या लाल. खर्च वाचवायला दोन्ही एकाच बाजूला घ्या, असं पुष्कळांनी सुचवलं. आम्ही ऐकलं नाही. लेकरू गोंधळलं तर स्वस्त कार्ड काय कामाचं? ३०० जीएसएमचं, म्हणजे जाड कागदाचं कार्ड, मॅट लॅमिनेशन आणि गोल कोपरे, कारण टोकदार कोपऱ्यापासून लॅमिनेशन आधी सुटतं. मधे एका क्लासनं संच उचलून पैसे लटकवले. तेव्हापासून उधारी बंद.

सध्या केमिस्ट्रीचा संच चालू आहे. 'प्रोपॅनॉल'मध्ये 'प्रोप' म्हणजे ३ कार्बन, 'अ‍ॅन' म्हणजे कार्बनमध्ये एकेरी बंध, 'ऑल' म्हणजे अल्कोहोल. जीभ मात्र प्रो-पॅ-नॉल म्हणणार. हे कार्ड प्रेसला गेलंय. उदगीर, अहमदपूरकडचे संच एसटी पार्सलनं पाठवतो.