240 किलोचं वर्कबेंच शहाबादी फरशीवर हलवताना: पायदाबाची चाकं बसली

बेंच 1500 × 650 मिमी, पाय बाभळीचे 75 मिमी चौकोनी. वर व्हाइस, खाली हत्यारांचे खण. एकूण वजन 240 किलो धरलंय. पायांना कायमची चाकं नकोत हे आधीच पक्कं होतं. ब्रेक लावला तरी रंधा मारताना बेंच डुलतं, कारण ब्रेक चाक अडवतो, फिरत्या बैठकीतला खेळ तसाच राहतो. काम पायांवर, चाकं फक्त हलवण्यापुरती.

चाकांची क्षमता काढताना वजन चारने नव्हे, तीनने भागायचं. सोलापुरातल्या बहुतेक जुन्या गॅरेजांत शहाबादी आहे, आणि तिच्यावर चौथं चाक बऱ्याचदा अधांतरीच असतं. 240 भागिले 3 म्हणजे 80. म्हणून प्रत्येकी 100 किलोची, 75 मिमीची पीयू (पॉलियुरेथेन) चाकं घेतली, चारही फिरती. नायलॉनचं चाक फरशीच्या कडा फोडतं.

रचना अशी: दोन्ही टोकांना 18 मिमी प्लायचे दोन थर चिकटवून केलेली 36 मिमीची फळी. ती आतल्या आडव्या तुळईला तीन बिजागऱ्यांनी जोडलेली. बिजागरीपासून 60 मिमीवर चाकांची मधली रेघ, आणि फळीचं मोकळं टोक पायांच्या मधून बाहेर, बिजागरीपासून 290 मिमीवर. एका टोकाचं वजन 120 किलो, पण तरफेमुळे पायाने साधारण 31 किलोचाच दाब लागतो (120 × 60 ÷ 230; 230 म्हणजे 290 वजा 60, चाकापासून मोकळ्या टोकापर्यंतचं अंतर). दाबलं की बेंच 8 मिमी उचलतं. मग फळीच्या वर बेंचला असलेल्या पट्टीला अडकवलेला लाकडी ठोकळा पट्टी आणि फळीच्या मध्ये सरकवायचा, म्हणजे फळी परत वर येत नाही.

सगळ्यात नाजूक जागा तुळईच्या उंचीची. ठोकळा बसल्यावर फळी अगदी सपाट हवी. ती कलली तर चाकाचा उभा आसही कलतो आणि बेंच आपोआप एका बाजूला ओढतं. आमच्या चाकांची, फळीला बसणाऱ्या वरच्या प्लेटसकट, उंची 105 मिमी भरली. त्यात फळीचे 36 मिळवून 141, उचल वजा करून 133. पायांवर उभ्या बेंचची तुळई जमिनीपासून तितकीच. चाक हातात येण्याआधी लाकूड कापू नका, दुकानागणिक उंची बदलते.

बिजागऱ्यांना स्क्रू चालत नाहीत; प्लायच्या कडेत तर थर उकलतात. फळीच्या सपाट अंगातून एम8 बोल्ट आरपार, मोठा वॉशर, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, आपोआप न सुटणारा). एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात बाभूळ आकसते आणि तुळईचे बोल्ट ढिले पडतात, तेव्हा ते एकदा आवळायचेच.

गॅरेजची फरशी पाणी जाण्यासाठी दाराकडे उतरती असते, म्हणून दाराकडची दोन चाकं ब्रेकवाली. ढकलायचं लांबीच्या दिशेनेच, आडवं ढकललं तर बेंच उलटू शकतं. ड्रिलचा लोखंडी कीस आधी झाडा, तो पीयूत रुतून बसतो.

आता राहिलेत फरशीचे सांधे. 75 मिमीचं चाक त्यांत अडकतं. 1:3 सिमेंट-वाळूने भरून, निदान आठवडाभर पाणी मारून मगच बेंच त्यावरून न्यायचंय.