गाळपेरातले हत्ती

"बिबट्या बघायला श्रीलंकेला? जुन्नरला जा की. ऊसतोड चालू असताना बांधावर उभी राहा, तोच येईल तुला बघायला," असं म्हणून बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, चहाचा कप खाली ठेवला. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले त्याला बारा वर्षं झाली, पण अजूनही गाडी पुलावरून गेली की ते आधी खाली पाणी किती आहे ते बघतात. श्रीलंकेला यायला ते तयार झाले ते तिथल्या हजार-दीड हजार वर्षं जुन्या तलावांसाठी. मला जंगल हवं होतं. नवऱ्याला समुद्रकिनारा हवा होता, पण त्याचं कुणी ऐकलं नाही.

हातात ऑगस्टचे आठ दिवस होते. महाराष्ट्राच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढं हे बेट आणि त्यात वीसहून जास्त राष्ट्रीय उद्यानं. नकाशा उघडला की सगळंच जवळ वाटतं, आणि तिथेच माणूस फसतो. रस्ते चांगले असले तरी अरुंद आहेत, वाटेत गावं लागत राहतात आणि दीडशे किलोमीटरला चार तास सहज जातात. त्यामुळे "सगळं थोडं थोडं बघू" हा बेत पहिल्याच रात्री रद्द झाला. तीन जंगलं करायची आणि बाकीच्यांचा मोह सोडायचा असं ठरलं.

कुठली तीन, यावर मात्र पंधरा दिवस वाद चालला. श्रीलंकेत सफारी म्हटलं की बहुतेक जण पहिलं नाव घेतात ते 'याला' या उद्यानाचं. आग्नेय किनाऱ्यावरच्या या जंगलात, विशेषतः त्याच्या पहिल्या ब्लॉकमध्ये, बिबटे इतके दाट आहेत की जगात अशा जागा फार नाहीत. त्यामागचं एक कारण सोपं आहे. या बेटावर वाघ नाही आणि सिंहही नाही. ताडोब्यात वाघाच्या धाकाने चोरासारखा वावरणारा बिबट्या इथे जंगलाचा मालक आहे आणि भरदिवसा खडकावर पाय पसरून पडतो. सिंहलीत त्याला 'कोटिया' म्हणतात. वाघालाही तोच शब्द चालतो, त्यामुळे ड्रायव्हर 'टायगर, टायगर' म्हणाला तर दचकू नका.

पण 'याला' आम्ही दोघांनी 2018 च्या फेब्रुवारीत केलं होतं. बिबट्या दिसला, अगदी छान दिसला. दिसला तो सत्तावीस जीपांच्या मधून, हे मात्र सांगायला हवं. मी मोजल्या होत्या, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. एका ड्रायव्हरला जनावर दिसलं की तो फोन करतो, मग चारी दिशांनी धुरळा उठतो आणि ज्या जीपमध्ये तुम्ही बसलेले असता ती अचानक एसटी पकडायची असल्यासारखी पळायला लागते. पाठीचे मणके ढिले होतात. याच्या उलट, त्याच जंगलात समुद्राकाठी एका बंगल्याचा नुसता पाया उरला आहे, 2004 च्या त्सुनामीत बाकीचा वाहून गेला. तिथे पाय मोकळे करायला उतरू देतात. जाळीची टोपी घातलेले, गळ्यात भलीमोठी लेन्स लटकवलेले लोकसुद्धा तिथे आवाज खाली आणून बोलत होते. मला यालातलं ते जास्त आठवतं.

पंच्याहत्तरीच्या बाबांना त्या शर्यतीत बसवायचं नाही, एवढ्यावर आमचं एकमत झालं. शिवाय 'याला' उद्यान कोरड्या दिवसांत, साधारण सप्टेंबरपासून काही आठवडे, बंद ठेवतात. आमच्यासारखी ऑगस्टअखेरची तिकिटं असतील तर ही तारीख आधी बघून घ्या.

म्हणून यालाच्या जागी विल्पत्तू. हे वायव्येला, अनुराधापुराजवळ. क्षेत्रफळ 1300 चौरस किलोमीटरहून जास्त, म्हणजे तिथलं सगळ्यात मोठं उद्यान. तरी इथे गर्दी कमी, कारण यादवी युद्धाने हे जंगल पर्यटनाच्या नकाशावरूनच पुसलं होतं. 1988 मध्ये बंद झालं, 2003 मध्ये उघडलं, पुन्हा बंद पडलं आणि आता उघडं आहे ते 2010 पासून.

पहाटे साडेपाचला जीप आली. हॉटेलने नाश्ता डब्यात भरून दिला होता. त्यात तांदळाच्या शेवयांच्या चकत्या, ओल्या नारळाची लालभडक चटणी आणि नारळाच्या दुधाची पातळ पिवळी आमटी. बाबा मालवणचे. झाकण उघडताच म्हणाले, "हे तर आमचे शिरवाळे. गूळ घालायचं विसरले वाटतं."

विल्पत्तूचे रस्ते लाल मातीचे आणि वाळूचे. दोन्ही बाजूंनी झाडी इतकी अंगावर येते की बराच वेळ काहीच दिसत नाही. मग एकदम उजेड होतो आणि समोर पाण्याचं पसरट, उथळ ताट येतं. कडेला पांढरी वाळू, त्यामागे गवत, त्यामागे जंगल. अशा पाण्याला तिथे 'विल्लू' म्हणतात आणि जंगलाचं नावही त्यावरूनच पडलं आहे. बाबा जीपमध्ये उभे राहिले. "बांध कुठाय? नाला कुठून येतो?" ड्रायव्हरने हसून वर आभाळाकडे बोट दाखवलं. पावसाचं पाणी नैसर्गिक खळग्यात साठतं, बांधलेलं काही नाही. बाबांचा विश्वास बसायला तीन विल्लू लागले.

झाडं मात्र ओळखीची निघाली. पाण्याकाठचा 'कुंबुक' म्हणजे आपला अर्जुन. 'पालू' म्हणजे खिरणी. पालूला जून-जुलैत पिवळी फळं लागतात तेव्हा अस्वलं झाडावर चढून बसतात आणि पोट फुटेस्तोवर खातात. अस्वल बघायचं असेल तर तोच महिना धरा, आम्हाला उशीर झाला होता. आम्हाला मिळाले धनेश, सर्पगरुड, चिखलात ओंडक्यासारख्या पडलेल्या तीन मगरी आणि श्रीलंकेचा तो रानकोंबडा. हा त्यांचा राष्ट्रीय पक्षी. तांबड्या तुऱ्याच्या मधोमध पिवळा डाग, आणि चाल अशी की जीपने थांबावं, आपण कशाला थांबायचं.

आणि बिबट्या? सकाळी साडेनऊला आमच्याच जीपच्या चाकोरीवर ताजे ठसे दिसले. म्हणजे आम्ही आत गेल्यानंतर तो मागून चालत गेला होता. दुपारी चारच्या सुमाराला रस्ता ओलांडताना मला शेपूट दिसलं आणि नवऱ्याला मागचा पाय. दोघांचं मिळून अर्धा बिबट्या झाला. बाबा तेव्हा दुसऱ्या बाजूला पाण्याची खोली किती असेल याचा अंदाज बांधत होते.

मला हा अर्धा बिबट्या यालाच्या अख्ख्यापेक्षा प्यारा आहे. पण एकच सफारी करायची असेल आणि फोटो हवाच असेल, तर यालालाच जा. उगाच माझं ऐकून विल्पत्तूत दिवसभर हादरे खाल आणि मला शिव्या द्याल.

दुसरं जंगल निवडलं ते निघायच्या आधी नव्हे, तर जायच्या दिवशी सकाळी. हबरना नावाच्या गावात आम्ही मुक्काम केला होता. तिथून मिन्नेरिया आणि कौदुल्ला ही दोन्ही उद्यानं हाकेच्या अंतरावर. जुलै ते सप्टेंबर या कोरड्या महिन्यांत आजूबाजूच्या जंगलांतले हत्ती मिन्नेरियाच्या तलावावर जमतात. ऐन भरात दोनशे-तीनशे हत्ती एका जागी असतात. सगळ्या जाहिरातींमध्ये हाच फोटो असतो, त्यामुळे आम्ही मिन्नेरिया पक्कं धरून चाललो होतो.

जीपवाला पोरगेलासा होता. तिथे वयाने लहान माणसाला 'मल्ली', म्हणजे धाकटा भाऊ, अशी हाक मारतात. बाबांनी ती लगेच उचलली. "मल्ली, हत्ती कुठे?" तर मल्ली मान हलवत म्हणाला, "मिन्नेरिया, वतुर वॅडी." पाणी जास्त आहे.

पाणी जास्त म्हणजे हत्ती कमी, हे मला उलटंच वाटलं. हत्ती पाण्यासाठीच येतात ना? इथे बाबांचे डोळे चमकले. "अगं, पाण्यासाठी नाही, गाळपेरासाठी!" उजनीचं पाणी उन्हाळ्यात मागे सरकलं की उघड्या पडलेल्या ओल्या गाळात लोक पिकं घेतात, ती गाळपेर जमीन. इथे ती हत्तींची. पाणी ओसरत जातं तसं तलावाच्या तळात कोवळं गवत उगवतं, आणि बाकी सगळं रान वाळलेलं असताना तेवढाच हिरवा पट्टा असतो. पाणी उतरलंच नाही तर गवत बुडालेलं राहतं. अलीकडच्या वर्षांत नेमकं तेच होत आलं आहे. 2018 मध्ये वरच्या अंगाला मोरगहकंदा धरण सुरू झालं, कालव्यातून पाणी येऊ लागलं आणि मिन्नेरिया कोरड्या महिन्यातही भरलेला दिसू लागला. शेतीला पाणी हवं, हत्तींना गवत. हा वाद तिथे चालू आहे आणि बाबांना तो तोंडपाठ असल्यासारखा कळला. चाळीस वर्षं त्यांनी आवर्तनाच्या, म्हणजे कालव्याला पाणी कधी सोडायचं याच्या, बैठकींत हेच ऐकलं होतं, फक्त हत्ती नव्हते.

म्हणून त्या दुपारी कौदुल्ला. तिथे पाणी उतरलेलं होतं.

तीनच्या सुमाराला पोचलो तेव्हा मैदान मोकळं होतं, नुसते बगळे. साडेतीनला झाडीतून एक मोठी हत्तीण बाहेर आली, थांबली, सोंड उंच करून वास घेतला. मग तिच्यामागून नऊ, मग दुसरीकडून चौदा, मग मी मोजणं सोडलं. पाच वाजता समोर शंभरच्या आसपास हत्ती असावेत. बहुतेक माद्या आणि पिल्लं. इथल्या नरांनाही सहसा सुळे नसतात, त्यामुळे आपल्या देवळांपुढच्या गजराजाची सवय असलेल्या डोळ्यांना आधी काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

आमच्या जीपपासून वीस-पंचवीस फुटांवर एक हत्तीण चरत होती. गवत इंचभरच वाढलेलं, सोंडेत पकडता येण्यासारखं नाही. ती पुढच्या पायाच्या नखांनी जमीन हलकेच खरवडायची, ठुक, ठुक, दोनदा, कधी तिसऱ्यांदा. मुळासकट सुटलेलं गवत सोंडेने गोळा करून त्याची जुडी करायची. मग ती जुडी गुडघ्यावर आपटायची, माती झाडायची, पुन्हा आपटायची, आणि मगच तोंडात. मेथी निवडायला बसलेल्या बाईसारखी. तिच्या पोटाखाली एक पिल्लू होतं. त्याला हे सगळं करायचं होतं, पण सोंड ताब्यात नव्हती. पाय आपटायचं, माती उडायची, गवत हाती लागायचं नाही. मग ते सरळ आईच्या तोंडातली जुडी ओढायला गेलं आणि फटका खाऊन परत आलं. हे आम्ही तासभर बघत होतो. जीपा इथेही चाळीस तरी असतील, पण हत्ती इतके पसरलेले होते की कुणाला कुणाच्या पुढे धावायची गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिन्नेरिया पाहिलाच, पण बांधावरून आणि बाबांच्या हट्टासाठी. हा तलाव महासेन राजाने तिसऱ्या शतकाच्या अखेरीस बांधला. जुन्या सिंहली तलावांत पाण्याचा जोर मोडून ते हळूच बाहेर सोडायला 'बिसोकोटुव' नावाची विहिरीसारखी चौकोनी रचना असते. तिच्याबद्दल बाबा इतकं बोलले की मल्लीने इंजिन बंद केलं. महासेनाला तिथले लोक 'मिन्नेरी देवियो' म्हणून पूजतात हे कळल्यावर बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या खात्यात मेमो देतात."

तिसरं उडवलवे. हे दक्षिणेला, आणि इथे महिना बघायची फारशी गरज नाही, हत्ती वर्षभर असतात. वलवे नदीवरच्या धरणाच्या पाण्यात बुडून वाळलेली झाडं अजून उभी आहेत, त्यांच्यावर पाणकावळे. लहान मुलं बरोबर असतील आणि एकच अर्धा दिवस असेल तर डोळे झाकून उडवलवे करा. शेजारी सरकारी वन्यजीव खात्याचं अनाथ पिल्लांचं केंद्र आहे, 1995 पासूनचं. पिल्लांना ठरलेल्या वेळी नळीने दूध पाजतात, आपण लांबच्या ओट्यावरून बघायचं. हात लावणं नाही, सेल्फी नाही, पाठीवर बसणं तर नाहीच. मोठी झाली की त्यांना जंगलात सोडतात. हत्तीला अंघोळ घाला, केळी भरवा असलं काही कुणी सुचवलं तर ते पैसे वाचवा.

पैशांचं एक सांगते. उद्यानाचं तिकीट वेगळं, जीप वेगळी, शिवाय सर्व्हिस चार्ज, गाडीचं शुल्क आणि या सगळ्यावर व्हॅट. आमच्या पहिल्या जीपवाल्याने "सगळं धरून" सांगितलेला आकडा फक्त जीपचा निघाला. काय काय धरलंय ते कागदावर लिहून घ्या.

उडवलवेहून परतताना रस्त्याच्या कडेला मडक्यांच्या उतरंडी लागल्या. म्हशीचं घट्ट दही, वर कितूलचा पाक. कितूल म्हणजे कोकणातला भेरली माड. बाबांना मधुमेह आहे. त्यांनी मडक्याचं झाकण काढलं, माझ्याकडे बघितलं, आणि "झाडाचं आहे ना, साखर थोडीच आहे" म्हणून पाकाची पुडी रिकामी केली.

घरी आल्यावर त्यांनी सोसायटीतल्या मंडळींना फोटो दाखवायला बोलावलं. एकूण एकशे चार फोटो. बांध, पाणी सोडायची मोरी, बांधाचा दगडी उतार, कालवा, पुन्हा मोरी. साठाव्या फोटोला शेजारचे काका म्हणाले, हत्ती दाखवा की. बाबांनी एक फोटो मोठा केला. त्यात पाठमोरी हत्तीण, तिच्या पायाखाली पाण्याने सोडलेल्या रेषा एकीखाली एक. "हे बघा," ते त्या रेषांवर बोट ठेवून म्हणाले, "आठवड्याला किती उतरलंय ते मोजता येतं."