आर्ताशातच्या अर्धवट कमानी

आर्मेनियाच्या राजधानीतून, येरेवानहून निघालो तेव्हा अरारात पर्वत ढगात होता. खोर विराप मठाशी उतरलो आणि अख्खा बर्फाचा डोंगर समोर! तो तुर्कस्तानात, मधे अराक्स नदी आणि सरहद्द. मठात एक खोल विवर आहे. संत ग्रेगरींना तिथे तेरा वर्षं डांबलं होतं, असं मानतात. लोखंडी शिडीने मीही खाली उतरलो, पण जीव अडकला होता शेजारच्या उघड्याबोडक्या टेकड्यांत.

तिथेच आर्ताशात, आर्मेनियाची जुनी राजधानी. इ. स. ११४ मध्ये रोमन सम्राट ट्राजनने हा देश जिंकून प्रांत केला. शहरात पाणी आणायला रोमनांनी कमानींवरून जलवाहिनी बांधायला घेतली. ११७ मध्ये ट्राजन वारला, नवा सम्राट हेड्रियनने प्रांत सोडला, काम तसंच राहिलं. साम्राज्यातली सगळ्यात पूर्वेची कमानींची जलवाहिनी ती. तिच्या खांबांचे पाये आर्मेनियन-जर्मन पुरातत्त्वज्ञांना मातीखाली सापडले. शेताच्या बांधावर मी बराच वेळ उभा राहिलो. तीनच वर्षं!

हेड्रियनने हा मुलूख धरून ठेवला असता तर? मेसोपोटेमियात तोवर बंड पेटलं होतं, सैन्य थकलं होतं. त्याचा हिशेब मला पटतो. तरी मन ऐकत नाही. ११६ मध्ये ट्राजन इराणच्या आखातापर्यंत पोचला होता, आणि भारताकडे निघालेलं जहाज पाहून आपण तरुण नाही याची त्याला खंत वाटली होती. मी कोल्हापूरचा. ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात लहानपणापासून पाहतोय. रोमचा आपल्याशी व्यापार चाले तो मुख्यतः इजिप्त आणि तांबड्या समुद्रातून. आखात हाती राहिलं असतं तर सोपारा बंदराचा माल थेट युफ्रेटिसवरून वर गेला असता.

पण मग आर्मेनियन लिपीचं काय झालं असतं? मेस्रोप माश्टोट्स या भिक्षूने ती घडवली ४०५ च्या सुमारास. तोवर इथलं लिहिणं-वाचणं ग्रीक आणि सिरियाकमध्ये. तीनशे वर्षं रोमचा प्रांत राहिलेल्या मुलखाला स्वतःची अक्षरं हवीशी वाटली असती? मला नाही वाटत. आणि या विचाराने, खरं सांगतो, हेड्रियनबद्दल माया वाटली.

परतताना रस्त्याकडेला एक आजी जर्दाळू विकत होत्या. पुठ्ठ्यावर खडूने आकड्यांसारखी वळणदार अक्षरं. मी बोट ठेवलं. त्यांनी एकेक अक्षर दाखवत सावकाश वाचलं, "त्सिरान." आणि एक जर्दाळू पदराला पुसून माझ्या हातात दिलं.