माळेगावची यात्रा आणि रुमालाखालची बोटं

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातल्या माळेगावात खंडोबाची यात्रा भरते. भंडारा कपाळी लावला की माझे पाय थेट जनावरांकडे वळतात. घोडे, गाढवं, उंट सगळं बघायचं, पण जीव अडकतो जिल्हा परिषदेच्या पशुप्रदर्शनात. तिथं गाईबैलांच्या दोन जाती: लाल कंधारी आमच्या शेजारच्या कंधारची, देवणी लातूरकडची. देवणीतही वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे तीन प्रकार. तोंडावर-अंगावर काळं कुठं आहे, त्यावरून ओळखायचे. मला अजून दोनदा बघावं लागतं.

लहानपणी अण्णांबरोबर गोऱ्हा घ्यायला गेलो होतो. वय कळावं म्हणून त्यांनी आधी जबडा उघडून दात पाहिले: "चार दाती आहे, दोन म्हणून सांगतोय." मग हेडीने, म्हणजे जनावरांच्या दलालाने, हातावर रुमाल टाकला. आत भाव ठरवायला बोटं दाबली जात होती, वर दोघांचे चेहरे कोरे. भाव आजूबाजूला कुणालाच कळला नाही, मलाही नाही. प्रदर्शनात बक्षीस मिळालेल्या वळूचं नाव मात्र वर्षभर गावोगाव फिरतं, आणि गाई फळवायला दाखवायच्या तर त्याच्याकडेच न्यायच्या, असं ठरतं.

परतताना मी विचारलं, "अण्णा, केवढ्याला?"

"आईला सांगू नको," एवढंच म्हणाले.